वीस वेळा ‘मी’

कोऱ्या कागदावर एकाखाली एक वीस ओळी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘मी’ लिहायचं आणि पुढची जागा भरायची. बस्स! एवढीच परीक्षा. यंत्र नाही, डॉक्टर नाही, फी नाही. मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड यांनी १९५४ साली छापलेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या २८८ विद्यार्थ्यांपुढे हा कागद ठेवला, बारा मिनिटं दिली आणि सांगितलं, उत्तरं स्वतःलाच देताय असं समजून लिहा, दुसऱ्या कुणाला नाही. मी हे वाचलं तेव्हा घर झोपलं होतं, बी.ए.चा पेपर तोंडावर होता आणि मला शेजारणीचं दार वाजवावंसं वाटत होतं. माणसाचा ‘मी’ कागदावर उतरवून घेता येतो! चाळिशी उलटली माझी, आणि हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं! पुस्तकानं तर हा सगळा प्रकार अर्ध्या पानात उरकलाय. लिहिणाऱ्याला झोप कशी आली असेल, देव जाणे.

तलवाड्यात माझं शिलाईचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि पहिल्यांदा मापाची वही काढली. इतकी वर्षं मीच लिहिलेली वही, पण त्या दिवशी ती मानसशास्त्राचं पुस्तक असल्यासारखी वाचली. ‘पिंकीची आई, छाती ३४, बाही ६.’ ‘गिरणीवाल्यांची थोरली सून, गळा मटका.’ ‘मळ्यातल्या मावशी, अस्तर नको.’ पानंच्या पानं! स्वतःच्या नावानं एकही बाई नाही. नाव टाकायचं तर कोणतं, हाही प्रश्नच. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात आणि जुनं माहेरी राहतं. परवा एकीला दोन्ही विचारली तर हसत म्हणाली, “एक आधार कार्डाला, एक आईला.” (महाराष्ट्रात अलीकडं जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. ती पोरं मोठी झाल्यावर माझ्या वहीत काय लिहावं लागेल, कोण जाणे.)

दिवस नवरात्राच्या आधीचे. त्वरितादेवीच्या डोंगरावर घट बसायचे म्हणजे दुकानात ब्लाउजांचा ढीग, आणि त्याच ढिगात जुने पुरुषी शर्ट. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात. उसाचं पान हातावर ब्लेडसारखं ओढलं जातं, म्हणून बाया साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवतात. मी त्याच्या बाह्या मनगटाशी आवळून देते. थोडक्यात, बायांची रीघ होती, आणि प्रत्येकीपुढे मी तोच वीस ओळींचा कागद ठेवला. कूनसाहेबांनी बारा मिनिटं दिली होती, मी हुक लावून होईपर्यंतचा वेळ देत होते. लिहिता येणाऱ्या लिहीत होत्या, बाकीच्यांचं मी लिहून घेत होते.

पहिल्या मावशींनी मलाच सुनावलं, “मी कोण मंजी? तुला म्हाईत नाही व्हय?”

पण एकदा गाडी लागली की काय सुटली! मी आई. मी बायको. मी सून. मी थोरली जाऊ. मी भावजय. मी अमक्या गावची लेक. एक जण नात्यांवरच थेट सोळाव्या ओळीपर्यंत गेली आणि मग थांबून म्हणाली, “सपलं बाई.” चार ओळी कोऱ्या!

इथं मला कून आणि मॅकपार्टलंड यांचं म्हणणं डोळ्यांपुढे दिसायला लागलं. त्यांना उत्तरांचे दोन प्रकार दिसले होते. एक, ऐकणाऱ्याला पुढं काही विचारावं लागत नाही असं : मुलगी, विद्यार्थी, नवरा. दुसरं, ज्याचा अर्थ ज्यानं लिहिलं त्यालाच विचारावा लागतो असं : आनंदी, कंटाळलेला, चांगला. विद्यार्थी आधी पहिल्या प्रकारचं लिहीत, ते संपलं की दुसऱ्यावर येत, आणि एकदा तिकडं गेले की सहसा मागे फिरत नसत. आयोवाची ही पोरं आणि तलवाड्याच्या माझ्या बाया एकाच वाटेनं निघाल्या होत्या, फक्त आमच्या बायांची पहिली वाट फार लांब होती.

मग एक ऊसतोडीला जाणारी आली. तिनं दुसऱ्याच ओळीला सांगितलं, “लिव्ह, मी अर्धा कोयता.”

माझी सुई थांबली. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्याला मिळते, बोलणी कोयत्याची होतात, टोळीत किती माणसं असं कुणी विचारत नाही, किती कोयते विचारतात. म्हणजे ही बाई त्या हिशेबात आहे, पण अर्धी, आणि पैसा नवऱ्याच्या हातात. तिनं हे रडत वगैरे सांगितलं नाही. दर सांगावा तसं सांगितलं. हे उत्तर पहिल्या प्रकारात घालू की दुसऱ्या? मी अजून ठरवलेलं नाही.

आता पुढचं ऐका, कारण खरी गंमत पुढं आहे. १९९१ मध्ये हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी एक गाजलेला लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, अमेरिकेसारख्या ठिकाणी माणूस स्वतःला सुटा समजतो आणि जपानसारख्या ठिकाणी इतरांशी बांधलेला. वाचून आधी वाटलं, अगं, हे तर आम्हीच! मग जरा राग आला. बांधलेल्या म्हणजे काय, आमच्या बायांना स्वभाव नाही? पिंकीच्या आईला स्वभाव नाही म्हणणाऱ्यानं तिच्याशी एकदा शिलाईचा भाव करून बघावा.

आणि उत्तर आधीच तयार होतं! १९८९ च्या अभ्यासात स्टीव्हन कझिन्स या संशोधकानं अमेरिकी आणि जपानी विद्यार्थ्यांची हीच परीक्षा घेतली. साध्या कागदावर अपेक्षेप्रमाणे अमेरिकनांनी स्वभाव जास्त लिहिला, जपान्यांनी कमी. मग त्यानं कागद बदलला : ‘घरी मी…’, ‘मित्रांबरोबर मी…’. झालं, पारडं फिरलं! जपानी पोरं धडाधड स्वभाव सांगायला लागली.

दुसऱ्या दिवशी माझाही कागद बदलला. ‘फडात मी…’, ‘माहेरी मी…’, ‘सासूसमोर मी…’, ‘मुकादमासमोर मी…’. काय सांगू! कोऱ्या ओळी पुरेनात. “फडात मी सगळ्यांच्या म्होरं. मोळी बांधायला मपला हात कुणी धरीत नाही.” “माहेरी मी आळशी, हातात ताट लागतं.” “सासूसमोर मी लबाड,” आणि यावर दुकानभर हशा. अर्धा कोयताबाई म्हणाली, “मुकादमासमोर मी मुकी. पर हिशेबाला पक्की. खेपा सगळ्या मपल्या डोक्यात असत्यात.” जिच्या साध्या कागदावर स्वभावाचा एक शब्द नव्हता, तिचा हा कागद!

प्रश्न हवेत टाकला की माणूस हवेत काय उभं करणार? पाय ठेवायला फड दिला, अंगण दिलं, की ‘मी’ येतो, चांगला ठसठशीत. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलंय, की माणसाला ओळखणारे जितके, तितके त्याचे सामाजिक ‘मी’. हे मी पाठ केलं होतं, पाच मार्कांसाठी.

आणि हे रक्तात किंवा देशात आहे म्हणावं, तर तसंही नाही. केनियात मासाई आणि सांबुरू पशुपालकांनी ‘मी’पुढे नाती आणि जमात लिहिली, आणि त्याच केनियातल्या नैरोबी विद्यापीठातल्या पोरांनी बरंचसं अमेरिकनांसारखं लिहिलं. मा आणि शोनमन यांचा तो अभ्यास १९९७ चा. केनिया कशाला, माझं घर बघा! संभाजीनगरला होस्टेलवर असलेल्या लेकीला फोनवरून कागद भरायला लावला. ‘मी इंट्रोव्हर्ट. मी ओव्हरथिंकर. मी मांजरवेडी. मी रात्री जागणारी.’ ‘मी मुलगी’ चौदाव्या ओळीला, आणि ‘मी आईची लेक’ नाहीच. विचारलं तर म्हणते, “ते तुला माहीतच आहे ना!” यावर मी काय बोलणार?

टोळ्या आता गेल्यात. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, बाया परतल्या, की त्याच बायांना तेच दोन्ही कागद पुन्हा द्यायचेत. सहा महिने ऊसतोडीच्या कोपीत राहून आलेला ‘मी’ आणि निघण्याआधीचा ‘मी’ जुळतो का, बघायचंय. तोवर पुरुषांना धरायचं ठरवलंय, कारण मापाच्या वहीत ते नाहीतच. समोरच्या टपरीवरच्या भाऊंना कागद नेऊन दिला. त्यांनी पहिल्या ओळीत ‘मी बिझी आहे’ लिहिलं आणि परत केला. दुसऱ्या प्रकारचं उत्तर, आणि तेही पहिल्याच ओळीला! कूनसाहेबांनी तलवाड्याला एक चक्कर मारायला हवी होती.