मोतीचा निरोप

नागावच्या घरी आमचा मोती गेला, तेव्हा मी न्यू जर्सीत. बाबांनी फोनवर विचारलं, "वाडीत पुरूया?" पण वाडी विकायला काढलेली. उद्या तिथे जेसीबी फिरणार! मग शोधाशोध केली. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केलीय, तीही मोफत. दादाने मोतीला त्याच्याच गोधडीत गुंडाळलं, मांडव्याहून रो-रोत गाडी चढवली आणि थेट मालाड गाठलं.

आमच्याच जिल्ह्यात, रायगडावर, वाघ्याची समाधी आहे. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली म्हणतात. समकालीन पुरावा नाही, वाद आहेत. ते असो. त्या गोष्टीतला कुत्रा धन्याच्या चितेपर्यंत गेला. मोतीचा धनी मात्र फोनवर होता.