ओटा फोडण्याआधी

पुणे

चि. सोनू हिस,

पत्र आणि ओट्याचे फोटो मिळाले. पांढऱ्या सहा इंची टाइल्स, मधल्या काळवंडलेल्या रेघा, सिंकजवळच्या सुटलेल्या दोन टाइल्स, सगळं नीट पाहिलं. मिस्त्री म्हणतात, सगळं फोडून ग्रॅनाइट घाला; तुला जमेल तेवढं स्वतः करायचंय. तुझं म्हणणं मला पटतं. त्या ओट्यापाशी रोज तू उभी राहणार आहेस, तेव्हा त्याच्या पोटात काय आहे ते तुला कळायला हवं.

आधी ओटा वाजवून बघ. रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइलवर मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर ठोक. आवाज भरीव आला तर खालच्या मालानं टाइल धरून ठेवली आहे. पोकळ आला तर तिथं खडूनं फुली मार. फुल्या मोजक्याच निघाल्या तर ओटा फोडायचं काही कारण नाही. अशा ओट्यात आधी बिघडतात ते सांधे. टाइलवरची चकाकी काचेसारखी असते, लिंबू-चिंचेला ती दाद देत नाही. सांध्यातलं व्हाइट सिमेंट मात्र आंबटानं हळूहळू झिजतं, हळद आणि तेल शोषून घेतं. डाग घालवायला आपण अ‍ॅसिड ओततो, त्यानं सांधा आणखी उघडा पडतो. मग पाणी आत मुरतं आणि टाइल सुटते.

म्हणून सुटलेल्या टाइल्स काढून चिकटव. बाकीच्या सांध्यांतलं जुनं सिमेंट दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून काढ, ओटा पूर्ण वाळू दे आणि इपॉक्सी ग्राउट भर. त्यात पाणी मुरत नाही, हळदही खोल उतरत नाही. रेझिन आणि हार्डनर मिसळले की ते घट्ट व्हायला लागतं, तेव्हा एका वेळी थोडंच कालव. टाइलवर आलेलं लगेच पुसून घे, वाळल्यावर ते निघता निघत नाही. हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव.

टाइल्सवर रंगाचा किंवा रेझिनचा थर देण्याच्या भरीला पडू नकोस. आपल्याकडे गॅसवरून उतरवलेली कढई थेट ओट्यावर टेकते. त्या तापानं असा थर मऊ पडतो, सुरीचे ओरखडेही त्यावर कायमचे राहतात.

ओटाभर फुल्या निघाल्या तर मात्र टाइल्स काढाव्याच लागतील, आणि तेही तुला जमेल. सिलिंडर बंद करून शेगडीसकट बाहेर ने. सिंकच्या तोंडात फडक्याचा बोळा घाल. मोकळ्या कडेपासून सुरुवात कर. छिन्नी आडवी धर आणि हातोडी हलकी मार. छिन्नी उभी धरलीस तर घाव खालच्या कडप्प्याला बसेल, आणि कडप्पा तडकला की काम खरोखरच तुझ्या हाताबाहेर जाईल. टाइलचे कपचे काचेसारखे उडतात, म्हणून चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. माल ओला करत काम कर, म्हणजे धूळ उडणार नाही. या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं श्वासातून जाऊन दगडकाम करणाऱ्यांना सिलिकोसिस होतो, तेव्हा पुढे मिस्त्री ग्राइंडर घेऊन आले तर त्यांनाही चांगला मास्क दे आणि पाणी मारूनच कापायला सांग.

८ बाय २ फुटांच्या ओट्यावरच्या टाइल्स आणि खालचा पाऊण इंच माल मिळून ७० किलोंच्या पुढे जातो. गोण्या अर्ध्याच भर आणि राडारोडा कुठे टाकायचा ते सोसायटीत आधीच विचारून ठेव. तेवढ्याच मापाचा १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइटही साधारण तितकाच भरतो. तो उचलणं आणि सिंककडे उतार राखून बसवणं मिस्त्रींवर सोपव. उंची मात्र तू ठरव. कणीक मळताना खांदे उचलावे लागत असतील तर ओटा तुला उंच पडतोय, हे त्यांना स्पष्ट सांग.

येत्या रविवारी नाणं घेऊन बस. फुल्यांचा साधा नकाशा काढून पाठव. फोडायचं की ठेवायचं, ते त्यावरून ठरवू. तोवर मिस्त्रींना आगाऊ पैसे देऊ नकोस.

तुझी,
मावशी