रविवारची दहा मिनिटं

आमच्या शेजारचा मुलगा तारवटी. सात-आठ महिने बोटीवर, मग दोन-तीन महिने घरी. 2022च्या जूनमध्ये जाताना त्याने गाडीची चावी माझ्या हातात दिली. म्हणाला, "दादा, अधूनमधून स्टार्ट मारा हं, नाहीतर बॅटरी बसेल."

मी एकही रविवार चुकवला नाही. भर पावसात छत्री धरून जायचो, शेडीत गाडी चालू करायचो, घड्याळ बघून दहा मिनिटं ठेवायचो आणि बंद करायचो. जागची मात्र हलवत नसे. दुसऱ्याची गाडी, उगाच ओरखडा नको.

दहा मिनिटांचा हा हिशेब बाबांचा. त्यांनी वीसेक वर्षं खाणीवर ट्रक चालवला. उठल्या उठल्या इंजिनाला पळवू नये, पळून आल्यावर लगेच झोपवू नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या स्वतःच्या गाडीलाही मी हाच नियम लावला होता. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी दोन.

जानेवारीत शेजारी परत आला. दुसऱ्या दिवशी गाडी चालूच होईना. मेस्त्रीला बोलावलं. त्याने ऑइल ओतायच्या तोंडाचं झाकण काढून माझ्यासमोर धरलं. आत ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट पांढरा चिकटा! रेडिएटरचं पाणी कमी झालेलं नव्हतं, म्हणजे ते आत गळत नव्हतं. सायलेन्सर खालून गंजला होता आणि बॅटरी तर बसलीच होती. मेस्त्रीने विचारलं, "कोणी नुसती चालू करून बंद करत होतं काय?"

मी पडलो बी.ए.वाला. त्याने समजावलं ते असं. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ तयार होते. इंजिन नीट तापलं तर ती निघून जाते. अर्धवट तापलं तर तिचं पाणी होऊन ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं. उभ्या गाडीचं इंजिन फार सावकाश तापतं. काटा वर आला तरी ते पाण्याचं तापमान. ऑइल त्याच्या मागून तापतं. शिवाय थंड इंजिनात पेट्रोल जास्त जातं. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. म्हणजे झीज टाळायला जे करायचं, त्यानेच झीज वाढायची. आणि बॅटरीचं म्हणाल, तर उभ्या गाडीत दहा मिनिटांत ती नीट भरून निघत नाही.

मग सकाळी काय करायचं? चालू केल्यावर ऑइलचा दाब काही सेकंदांत येतो. पट्टा बांधावा, आरसा बघावा आणि निघावं. पहिले चार-पाच किलोमीटर मात्र ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. हलक्या चालीत इंजिन लवकर तापतं. लडाखच्या बर्फातली गोष्ट वेगळी. आपल्याकडे जानेवारीतसुद्धा थंडी ती कितीशी!

थांबतानाचा नियम थोडा खरा आहे, पण टर्बोच्या गाडीपुरता. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. अनमोड घाट दामटून चढलात आणि वर पोचताच चावी फिरवली, तर तापलेल्या दांड्याजवळ अडकलेलं ऑइल करपतं. तिथे मिनिटभर थांबावं. पण गावातल्या वळणांतून हळूहळू घरी येतानाच ते निवलेलं असतं.

मी कारकुनी हिशेबही मांडला. छोटी पेट्रोल गाडी उभ्याने तासाला साधारण पाऊण लिटर पिते. रोजची माझी सात मिनिटं, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे पंचवीस-सव्वीस लिटर पेट्रोल अंगणातच जळत होतं. त्यातून बंद शेडीत गाडी चालू ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ऑइल, फिल्टर आणि बॅटरीचे पैसे मी देतो म्हटलं. शेजारी म्हणाला, "दादा, तुम्ही पावसातून येत होता ते आईने सांगितलंय मला." पैसे घेतले नाहीत. ते मला जास्त लागलं.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं, जरा भीतभीतच. त्यांचा नियम खोटा ठरवायचा होता ना! ते शांतपणे ऐकून म्हणाले, "अरे, ट्रकच्या ब्रेकला हवा लागायची. टाकी भरेपर्यंत हलायचं कसं? नंतरच्या माझ्या जुन्या गाडीला कार्बुरेटर होता. चोक ओढून थोडी गरम केली नाही तर ती वळणावर बंद पडायची. तुझ्या गाडीला यातलं काय आहे?"

खरंच काय आहे? 2000च्या आसपास आपल्याकडच्या गाड्यांचे कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आलं. कारण गेलं, दहा मिनिटं तेवढी माझ्याकडे राहिली. बाबांना एकदा विचारलं असतं, तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं.

शेजारी पुन्हा बोटीवर गेला तेव्हा चावी माझ्याकडेच देऊन गेला. त्या खेपेपासून रविवारी गाडी बाहेर काढतो, बाबांना शेजारी बसवतो, फोंड्याहून फर्मागुडीची चढण चढून मंगेशीपर्यंत जातो आणि परत येतो. चढणीवर जरा जोर दिला की बाबा अजूनही म्हणतात, "सावकाश रे, तापू दे अजून." आणि हे मात्र त्यांचं बरोबर असतं.