मॅडम, तुमची पण घरीच आहे ना?

गेल्या जूनमध्ये शाळा उघडून दहा-बारा दिवस झाले तरी सातवीतली एक मुलगी आली नव्हती. मुलगा दहा दिवस आला नाही तर तो गावी गेला असेल, असं आम्ही शिक्षक समजतो. मुलगी आली नाही की मात्र पोटात गोळा येतो. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. वीस वर्षांच्या नोकरीत अशा किती घरांच्या पायऱ्या चढले याची गणती नाही. त्या दिवशीही शाळा सुटल्यावर सोबतच्या एका बाईंना घेऊन त्या मुलीच्या मोहल्ल्यात गेले.

दोन खोल्यांचं घर. आई शिलाई मशीनवर बसलेली, मुलगी खाली बसून हुक-बटणं लावत होती. पाणी आलं, चहा ठेवला गेला. मी नेहमीचं बोलायला लागले. मुलगी हुशार आहे, मराठीचं अक्षर मोत्यासारखं आहे, आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं मिळतात, आता सातवीत थांबवू नका. तिच्या आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, “मॅडम, तुमची पण घरीच आहे ना?”

सोबतच्या बाईंनी चहाच्या कपात नजर घातली. मला काही बोलता आलं नाही.

खरंच आहे. माझी मुलगी घरीच आहे. थोरला मुलगा नववीत, रोज दप्तर घेऊन शाळेत जातो. धाकटी अकरा वर्षांची, ती जात नाही. मिरजेसारख्या गावात मुसलमान घरातला मुलगा शाळेत आणि मुलगी घरात म्हटलं की लोक काय समजतात, ते तुम्हाला सांगायला नको. त्यात आई बीएड झालेली! दर ३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंवर भाषण मीच करते. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रातली फातिमा मुलींना सांगते, आणि टाळ्या वाजत असताना आपल्या घरी काय चाललंय हे आठवून कानाची पाळी गरम होते.

तर ते घरी काय चाललंय, ते सांगते.

धाकटी पहिलीत गेली ती जून २०२० मध्ये. म्हणजे गेलीच नाही. दोन वर्षं मोबाइलसमोर बसली. आम्ही तिला एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं होतं. (स्वतः उर्दू-मराठी शिकवणारी बाई मुलांना इंग्रजीत घालते, यावर वेगळा लेख होईल. आज नको.) तिसरीत प्रत्यक्ष वर्गात बसली तेव्हा तिला वाचताच येत नव्हतं. उभं करून वाचायला लावलं की मुलं हसायची. मग रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. डॉक्टर झाले, औषधं झाली, रविवारी मात्र पोट कधी दुखलं नाही. २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर तिला पाठवलं नाही. सहा महिने घरी सावरू दे, मग पुन्हा घालू, असं ठरलं होतं. ते सहा महिने अजून संपलेले नाहीत.

यांनी फार विरोध केला नाही. सासूबाईंनी केला. त्या चौथीपर्यंत शिकल्यात. त्या मला म्हणाल्या, “मला चौथीतून काढलं तेव्हा माझी अम्मी अंगठेबहाद्दर होती. तू शिकलेली असून तेच करतेस?” दोन महिने त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. माझी शाळा सकाळच्या सत्राची. मी दुपारी एकला घरी येते, तोवर पोरगी दादीजवळ. म्हणजे शिकवायला जास्त वेळ कोण होतं, तर ज्यांना हे सगळं नामंजूर होतं त्याच.

दादीला उर्दू वाचता येतं. त्यांच्याकडे एक जुनी वही आहे, लग्नाच्या जेवणापासून लोणच्यापर्यंत सगळं उर्दूत लिहिलेलं. पोरगीने ती वही उलगडायला घेतली. शिरखुर्म्यात शेवया किती, तर दोन मुठी. कुणाच्या मुठी? दादीच्या दोन मुठी म्हणजे हिच्या साडेतीन भरल्या. मग यांच्या दुकानातला वजनकाटा घरी आला आणि आठवडाभर घरात जे दिसेल त्याची मूठ मोजली गेली. मी आयती अपूर्णांकांची पाटी काढून बसणार होते, ते राहून गेलं. त्या आठवड्यात ती वाचत होती हे तिच्याही लक्षात आलं नाही.

तिची वही एकच आहे, दोन्हीकडून उघडते. डावीकडून मराठी, उजवीकडून उर्दू. वही संपते ती मध्ये कुठेतरी. एकदा दोन्हीकडे ‘बाजार’, ‘दुकान’, ‘कागद’, ‘जमीन’, ‘शहर’ आले तेव्हा ती म्हणाली, “अम्मी, शब्द तेच आहेत, फक्त उलटे चालतात.” मी तिला सांगितलं की उर्दूत अक्षरं उजवीकडून चालतात, पण आकडे तिथेही डावीकडूनच लिहितात. हे तिला फार पसंत पडलं. आकडे कुणाचं ऐकत नाहीत, असं तिचं मत झालं.

सगळं असंच गोड चालतं असं समजू नका. सतार बनवणाऱ्यांच्या गल्लीत यांच्या ओळखीच्या कारागिरांकडे तिला नेलं होतं. सतारीचा तुंबा खऱ्या भोपळ्याचा असतो आणि ते भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात, हे कळल्यावर तिने गच्चीवर भोपळा लावला. सतार करायची म्हणून! वेल दोन महिन्यांत वाळला. ती चार दिवस जेवताना बोलली नाही. त्या चाचांनी तारेच्या बरोबर मध्यावर बोट ठेवून तोच सूर वरच्या सप्तकात कसा येतो ते दाखवलं होतं, ते मात्र डोक्यात राहिलं. बरेच दिवस असेही जातात की मी साठ मुलांच्या वह्या तपासून आलेली असते, अंगात त्राण नसतं, आणि पोरगी दुपारभर मोबाइलवर केक बनवण्याचे व्हिडिओ बघते. मी बघूनही बघत नाही.

पण गेल्या ईदपासून जे सुरू झालं, ते मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

ईद ३१ मार्चला होती. थोरल्याची परीक्षा तोंडावर. तो चिडून म्हणाला, दरवर्षी ईद परीक्षेच्या अंगावर येते. धाकटी म्हणाली, दरवर्षी नाही, आधी परीक्षेनंतर यायची. आणि मग तिने विचारलं, “ईद पळते, मग काकूंची दिवाळी का पळत नाही?”

शेजारच्या काकूंकडे जुनी कॅलेंडरं फेकत नाहीत. दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख, कामवालीचे खाडे, सगळं त्या चौकोनांत लिहिलेलं असतं, म्हणून ती त्यांची जमाखर्चाची वहीच. त्यांनी २०२२ पासूनची कॅलेंडरं काढून दिली. पोरगीने आधी ईदच्या तारखा लिहिल्या. २०२२ ला ३ मे, मग २२ एप्रिल, मग ११ एप्रिल, मग ३१ मार्च. दर वेळी बरोबर अकरा दिवस कमी. मी तिला सांगितलं, आपला महिना चंद्राचा, २९ किंवा ३० दिवसांचा. बारा महिन्यांचे साधारण ३५४ दिवस होतात, म्हणून अकरा कमी पडतात. ती म्हणाली, बघू. आणि पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्र काढायला लागली. आई शिक्षिका आहे म्हणून तिचा शब्द खरा, असं आमच्या घरी चालत नाही.

मग दिवाळी. लक्ष्मीपूजन २०२२ ला २४ ऑक्टोबर, २०२३ ला १२ नोव्हेंबर, २०२४ ला १ नोव्हेंबर, २०२५ ला २१ ऑक्टोबर. ती वही घेऊन धावत काकूंकडे गेली. “काकू, तुमची दिवाळीपण पळते! अकरा-अकराच! पण एकदा परत आलीय.” काकूंनी २०२३ चं कॅलेंडर उघडलं. त्या वर्षी श्रावण दोनदा होता. “तो धोंड्याचा महिना गं. अधिक महिना. तेव्हाच तर जावयाला तेहतीस अनारसे दिले.” आधीचा अधिक महिना २०२० ला होता, तेव्हा लॉकडाऊनमुळे जावई येऊ शकले नव्हते, हेही त्यांना पक्कं आठवत होतं. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी तो येतो, म्हणजे आता पुढच्या वर्षी येईल, असं त्या म्हणाल्या.

पोरगी घरी येऊन बराच वेळ काही बोलली नाही. दोघींचा चंद्र एकच. काकूंचं पंचांग मध्येच एक महिना जास्त घेऊन थांबतं, आपलं थांबत नाही, चालतच राहतं. मी चाळीस वर्षं या गावात दोन्ही सण शेजारी शेजारी बघतेय. मला हे माहीत होतं, पण असं मांडून कधी बघितलं नव्हतं.

मग तिने ३६५ ला ११ ने भागलं. तेहतीस आले, बाकी दोन. म्हणजे रमजान साधारण तेहतीस वर्षांनी त्याच मोसमात परत येतो. (इथेही तेहतीस म्हणून तिने अनारशांचा संबंध लावायचा खूप प्रयत्न केला.) मला विचारलं, तुझा पहिला रोजा कधी? १९८८ चा उन्हाळा. मी तिसरीत होते, घरात आंब्याची पेटी आली होती आणि मला दिवसभर तिचा वास येत होता. तिने बेरीज केली, २०२१. तेव्हाही रमजान एप्रिल-मेमध्येच होता. “म्हणजे तुझा रमजान फिरून आला, तेव्हा मी मोबाइलसमोर बसलेली होते,” ती म्हणाली. सहज म्हणाली. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

हे सगळं डोक्यात घेऊनच मी जूनमध्ये त्या घरी गेले होते. म्हणून मी त्या बाईंना म्हणाले, “माझी घरी आहे, पण ती शिकतेय.”

त्या म्हणाल्या, “माझीही शिकतेय. कुराण पूर्ण झालं. गिऱ्हाइकांचा हिशेब तीच ठेवते. हे बघा.” त्यांनी एक कागद पुढे केला. ब्लाउजच्या बाहीचं कटिंग, मापं घालून मुलीने स्वतः आखलेलं. गोलाई इतकी बरोबर की आमच्या भूमितीच्या सरांनी वर्गात लावावी. हेच माझ्या मुलीने केलं असतं तर मी चार जणांना फोटो पाठवला असता.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्याच्या दहाव्या कलमात आहे. न केल्यास शिक्षा नाही, पण कर्तव्य आहे. तो कायदा मी बीएडवाली, घरोघर सांगत फिरते. त्या बाईंना मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? फरक होता तो एवढाच, की माझ्या मुलीचा रस्ता मी बंद केलेला नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची पाचवीच्या तोडीची परीक्षा आहे, तिथे मराठीही चालते, उर्दूही चालते. उद्या तिला शाळेत जावंसं वाटलं तर बोट धरून नेणारी मी आहे, फी भरणारं दुकान आहे. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांनीच दाखवलं. “तुमच्या मुलीला घरी शिकवायला तुम्ही आहात. माझी घरी राहिली तर तिला शिकवायला मी आहे, मला एवढंच येतं,” असं म्हणून त्यांनी मशीनवर हात ठेवला. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण ईदपासून ऑर्डर इतक्या आहेत, की हात पुरत नाहीत.”

ते खरं कारण होतं. बाकी सगळा माझा माझ्याशी वाद होता.

मी मग भाषण बंद केलं आणि हिशेबाला बसले. कोणत्या दिवशी काम जास्त, कोणत्या दिवशी कमी. मुलगी जुलैच्या मध्यापासून यायला लागली. सोमवार-मंगळवार आणि गुरुवार. बाकी दिवस मी हजेरीत गैरहजर लिहिते. हे बरोबर आहे असं म्हणत नाही. आमचे मुख्याध्यापकही म्हणत नाहीत.

दिवाळीआधी ती माझा ब्लाउज द्यायला घरी आली. धाकटीने तिला धरून कॅलेंडरांचा पसारा दाखवला. तिने सगळं बघितलं आणि म्हणाली, “हे आम्हाला माहीत आहे.” तिच्या आईच्या ऑर्डरच्या वहीत आहे म्हणे. काही वर्षांपूर्वी ईद आणि लग्नसराई एकत्र यायची, रात्र रात्र मशीन चालायची. आता ईद मार्चमध्ये गेली, लग्नं त्यानंतर, म्हणून काम विभागलं. येत्या वर्षी आणखी सुटसुटीत होईल. धाकटीने दोन महिने चंद्र काढून जे मिळवलं, ते तिने ब्लाउज मोजून मिळवलं होतं. धाकटीला हे फारसं आवडलं नाही. पण तिने वहीत उजवीकडून एक नवं पान उघडलं आणि ते लिहून घेतलं.

त्याच दिवशी दोघींनी मिळून २०२६ ची दिवाळी काढली. २१ ऑक्टोबरमधून अकरा गेले, १० ऑक्टोबर. अधिक महिना धरला तर २९ किंवा ३० दिवस मिळवायचे. म्हणजे ८ किंवा ९ नोव्हेंबर. पेन्सिलने दोन्ही तारखा लिहून ठेवल्या.

नवं कॅलेंडर काकूंनी परवा आणलं. मे महिन्यात अधिक ज्येष्ठ सुरू होतो. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर, रविवार. धाकटीने नऊ खोडून आठवर गोल केला आणि विचारलं, त्या आपाला कधी सांगायचं?

उद्या मंगळवार आहे. मंगळवारी ती बहुतेक येते.