भोंग्यातला बेस

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला ४१ वेळा थरथरते. आमच्या पुलगावात, शेजारच्या नाचणगावात, देवळीला, आर्वीला, १४ एप्रिलच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमाला मैदानाच्या कडेने खांबांवर भोंगे बांधतात. भोंगा बनला आहे माणसाच्या बोलण्यासाठी. साधारण तीनशे हर्ट्‌झच्या खाली तो जवळपास मुका असतो. त्यामुळे स्टेजसमोरच्या मोठ्या पेट्यांपाशी बसलेल्या रांगांना बेस छातीत जाणवतो, आणि मागे कडुनिंबाखाली, रस्त्याच्या कडेला, घरच्या ओट्यावर बसून ऐकणाऱ्यांना फक्त गायक, ढोलकी आणि कीबोर्ड ऐकू येतो. गाणं ज्याच्यावर उभं असतं तेच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ओट्यावर बसलेली म्हातारी बाई मला समोरच्या रांगेतल्या पाहुण्याइतकीच महत्त्वाची वाटते. बेसला आवाज मुद्दाम किंचित फाडणारं ओव्हरड्राइव्ह पेडल लावून पाहायचं मी ठरवलं ते तिच्यासाठी.

रॉकवाल्यांचं पेडल भीमगीतात कशाला, असं आमच्यातल्याच काही जणांनी विचारलं. उत्तर कानात आहे. टेलिफोनमधून वडिलांचा आवाज आपण लगेच ओळखतो, जाडाभरडा आहे हेही कळतं. पण जुना टेलिफोन तीनशे हर्ट्‌झच्या खालचं काही पाठवतच नसे, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर असतो शंभर-सव्वाशेच्या आसपास. म्हणजे मूळ स्वर आलेलाच नसतो. आलेले असतात त्याचे वरचे उपस्वर, आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून आपला मेंदू खालचा स्वर स्वतः उभा करतो. बेसचंही तसंच. भोंग्यातून ४१ हर्ट्‌झ कधीच येणार नाहीत, पण ३३०, ३७१, ४१२ हे उपस्वर पुरेशा जोरात आले तर कान त्यांच्यातलं ४१ चं अंतर धरतो आणि खर्ज ऐकल्यासारखा होतो. साध्या बेसच्या तारेत, त्यातही वापरून बोथट झालेल्या तारेत, हे वरचे उपस्वर फार अशक्त असतात. ओव्हरड्राइव्ह त्यांना बळ देतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात आणि गायक तारेखाली दोरा सरकवून ती नेमकी जागेवर आणतो, तेही उपस्वर खुलावेत म्हणूनच. खर्जाची तार भरून ऐकू येते ती त्या झणकाराने. साधन वेगळं, पण आपल्या कानांना ही ओढ नवी नाही.

माझ्यापुढचं पेडल हिरव्या डबीच्या घराण्यातलं. हे घराणं जपानचं. सुसुमू तामुरा यांनी मॅक्सॉनसाठी रचलेलं हे सर्किट १९७० च्या दशकाच्या अखेरीस आयबानेझच्या नावाने ट्यूब स्क्रीमर म्हणून बाजारात आलं आणि पुढे जगभर त्याच्या नकला झाल्या. आतला जीव एवढासा आहे. ४५५८ नावाचा आठ पायांचा आयसी, जो आमच्याकडे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या कोणाच्याही डब्यात सापडतो, कारण टोन कंट्रोलच्या बोर्डावर तोच बसतो. त्याला जोडलेले दोन डायोड, एकमेकांकडे पाठ करून. सिग्नल अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या वर चढू लागला की डायोड वाट मोकळी करून देतात आणि लाटेचा माथा गोल होऊन बसतो. ड्राइव्हचा नॉब अगदी कमी ठेवला तरी हा आयसी सिग्नल सुमारे १२ पट करतो, पूर्ण फिरवला तर ११८ पट. आणि एक छोटा कंडेन्सर आहे, ०.०४७ मायक्रोफॅरडचा. त्याच्यापुढच्या ४.७ किलोओहमच्या रेझिस्टन्ससोबत तो ७२० हर्ट्‌झपाशी रेघ ओढतो. त्या रेघेखालच्या स्वरांना कमी कमी वाढ मिळते.

ही रेघ इलेक्ट्रिक गिटारसाठी आखलेली आहे, आणि गिटारवर ती किती शहाणी आहे हे पहिल्या मिनिटाला कळतं. मी ‘कर्ज’मधली गिटारची धून लावून पाहिली. १९८० चा चित्रपट, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं संगीत, आणि ती धून वाजवली प्यारेलाल यांचे धाकटे भाऊ गोरख शर्मा यांनी, जे गिटारसोबत बेसही वाजवत. विदर्भातल्या ऑर्केस्ट्राच्या गिटारवाल्याला ही धून यावीच लागते, फर्माईश ठरलेली. साध्या गिटारवर त्यातला लांब स्वर ढोलकीच्या दोन-तीन थापांत विझून जातो. ड्राइव्ह घड्याळातल्या दहाच्या आकड्यावर ठेवला, लेव्हल थोडी वर, आणि तो स्वर गायकाच्या दमासारखा टिकला. तार ओढून मींड घेतली तर शेवटपर्यंत आवाज सोबत आला. बोट हलकं ठेवलं की स्वर स्वच्छ, दाबून छेडलं की किंचित खरखर. चांगल्या ओव्हरड्राइव्हची माझी परीक्षा हीच आहे. नॉबला हात न लावता, नुसत्या उजव्या हाताने तो सौम्य आणि तिखट व्हायला हवा. जे पेडल सगळ्या छेडी सारख्याच करून टाकतं ते मला नको, मग त्याची किंमत कितीही असो.

कॉर्डची गोष्ट वेगळी. सा आणि प एकत्र वाजवले तर पेडल त्यांना घट्ट बांधून देतं. त्यात ग मिसळला की गढूळ. याचं कारण आहे. गिटारचे फ्रेट सारख्या स्वरांतराने ठोकलेले असतात, त्यावरचा गंधार खऱ्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. साध्या आवाजात ते खपतं. ओव्हरड्राइव्ह दोन स्वरांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही तयार करतो, आणि मग तो चढेपणा कानावर आदळतो. म्हणून पेडल चालू असताना मी गंधार गायकासाठी सोडतो.

बेस लावला आणि ती शहाणी रेघ अडचणीची झाली. बेसचे मूळ स्वर मोकळ्या तारांवर ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्‌झ. सगळे ७२० च्या कितीतरी खाली. ते नाहीसे होत नाहीत, पण मधले स्वर इतके पुढे येतात की खर्ज मागे पडतो. खोलीत एकटं ऐकताना हे फार खटकतं, बेसचं पोट कापल्यासारखं वाटतं. म्हणून कंडेन्सर बदलला. ०.१ चा घातला तर रेघ ३३९ वर येते, ०.२२ चा घातला तर १५४ वर. ०.२२ ने पोट परत आलं, पण जाड तारेवर आवाज चिखलासारखा जड झाला, कारण आता खर्जही डायोडवर जाऊन आपटत होता आणि वरच्या उपस्वरांना आपल्यासोबत दाबत होता. मी ०.१ वर थांबलो आणि एक जादा नॉब बसवला. त्या नॉबने बेसचा मूळ स्वच्छ आवाज आणि फाटका आवाज हवे तसे मिसळता येतात. हा शोध माझा नाही. बॉसच्या ओडीबी-३ या बेससाठीच्या पेडलवर असाच बॅलन्सचा नॉब असतो. खर्ज स्वच्छ वाटेने जातो, उपस्वर डायोडच्या वाटेने, आणि शेवटी दोघे भेटतात. बेसवर ओव्हरड्राइव्ह लावणाऱ्या कोणालाही मी आधी एवढंच विचारतो की मिसळायची सोय आहे का.

बेसने फाटका आवाज काढणं ही उसनवारी आहे असं समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स यांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा आवाज फाटून आला. गाणं १९६१ मध्ये गाजलं. तो आवाज मुद्दाम काढता यावा म्हणून १९६२ मध्ये मेस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आलं. मार्टिन यांच्या हातात त्या रेकॉर्डिंगच्या वेळी सहा तारांचा बेस होता. मुंबईतली ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन आज आपली पेडलं बनवते, महाराष्ट्रात बनवते, याचा मला अभिमान वाटतो. नॅशव्हिलहून मुंबईपर्यंत आलेली वस्तू पुलगावच्या मैदानात का परकी वाटावी?

मैदानातली परीक्षा खोलीतल्यापेक्षा फार कठोर. तिथे गिटारचा ॲम्प्लिफायर नसतो, केबल थेट मिक्सरमध्ये. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं बरंचसं आपणच गाळतो. मिक्सर काही गाळत नाही, त्यामुळे पेडलचा आवाज मधमाश्या घोंगावल्यासारखा येतो. पेडलचा टोन निम्म्याच्या खाली आणि मिक्सरवर त्या चॅनेलचा हाय कमी, हा त्यावरचा उपाय. दुसरा त्रास विजेचा. अडॅप्टर हलका असला, जवळून रोषणाईची वायर गेली असली की ५० हर्ट्‌झची गुणगुण शिरते आणि पेडल तिलाही फुगवतं. बेसच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्‌झचा, म्हणजे गुणगुणीच्या अगदी शेजारी. दोघे एकमेकांवर हेलकावे खातात आणि बेसुरं वाजतंय असं वाटतं. त्यावर मला नऊ व्होल्टची बॅटरी सर्वांत भरवशाची वाटते. पेडलला काही मिलिअँपिअरच लागतात, कितीतरी रात्री निघतात. मात्र केबल खोचली की बॅटरी चालू होते, म्हणून वाजवणं संपलं की केबल उपसून ठेवायची.

आणि साउंडवाला. पहिल्याच फेरीला तो हात उंचावून ओरडला, “भाऊ, आवाज फाटून राहिला ना!” आणि त्याने माझा चॅनेल खाली ओढला. त्याचं चुकलं नाही. आवाज फाटला की मशीन जळते हे त्याने आयुष्यभर शिकलेलं. मी खाली उतरून त्याला पेडल दाबून दाखवलं, मिक्सरवरचा लाल दिवा लागत नाही हे दाखवलं. “मंग फाटू द्या, पन सांगून फाडा,” तो म्हणाला. तेव्हापासून साउंड चेकच्या वेळी मी पेडल चालू आणि बंद दोन्ही ऐकवतो आणि दोन्हींची लेव्हल सारखी ठेवतो.

मग केबल लांब करून आमच्या कीबोर्डवाल्याच्या हाती बेस दिला आणि मी मैदानाच्या मागे जाऊन उभा राहिलो. पेडल बंद असताना नुसती ढोलकी. चालू केल्यावर बेसची चाल, एकेक स्वर वेगळा ओळखता येईल इतकी. जाड नव्हे, पण कळणारी. खोलीत जो आवाज मला उग्र वाटला होता तो इथे अजिबात उग्र नव्हता, कारण भोंग्यापर्यंत येता येता ढोलकी, टाळ्या आणि वारा त्यावर बसलेले असतात. खोलीत एकटं ऐकून कोणी पेडल नापसंत केलं तर मला म्हणूनच वाईट वाटतं. पेडलचं नातं बाकीच्या वाद्यांशी असतं.

गिटार आणि बेस दोघेही एकाच वेळी फाटके मात्र चालत नाहीत. हिरव्या डबीचा उभार ७०० च्या आसपास, आणि गायकाच्या आवाजाचा मोठा हिस्साही तिथेच. दोन्ही पेडलं चालू झाली की बाबासाहेबांवरचं कडवंच झाकलं जातं, आणि शब्द झाकून वाजवण्यात कसली कला. आमच्याकडे आता बेसवर थोडंसं सतत, गिटारवर फक्त मधल्या तुकड्यात, आणि गायकाने तोंड उघडलं की गिटारवाला पाय उचलतो.

पुढे एक फेरफार करून पाहायचा आहे. १९७७ च्या बॉस ओडी-१ मध्ये एका बाजूला दोन डायोड होते, दुसऱ्या बाजूला एक. शुद्ध, एकाच स्वराची लाट दोन्हीकडे सारखी कापली की नवे उपस्वर फक्त विषम येतात, १२४, २०६ असे. तिरकी कापली की समही येतात, ८२ आणि १६५ पासून वर, आणि त्यांतले हे पहिले दोन म्हणजे मूळ स्वराचेच वरच्या सप्तकातले सा. भोंग्यापर्यंत पोचणारे उपस्वर त्यामुळे दाट होतील आणि खर्ज कानात अधिक लवकर बसेल असा माझा अंदाज आहे. डायोड आणून ठेवला आहे. नाचणगावच्या कार्यक्रमाआधी डाग देईन, आणि त्या दिवशी बेस पुन्हा कीबोर्डवाल्याकडे देऊन मागच्या ओट्यांपर्यंत चालत जाईन.