निळ्या दागिन्यांचे औचित्य

काव्यशास्त्राच्या तासाला औचित्यविचार शिकवू लागलो की वर्गात एक विशिष्ट शांतता पसरते. ती आकलनाची नसून सौजन्याची असते, हे आपण सारे अध्यापक जाणतो. अलंकार योग्य स्थानी असला तरच तो अलंकार, हे अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राचे म्हणणे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात. पण स्थान योग्य की अयोग्य, हे ठरवायचे कशाने? या प्रश्नाचा एक धडा मला अगदी अनपेक्षित ठिकाणी, बॅटरीवर धावणाऱ्या वीतभर रुंदीच्या मोटारीत मिळाला.

2023 च्या हिवाळ्यात मी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीला धाकट्या भावाकडे होतो. तेरा वर्षांचा पुतण्या दर आठवड्याला एका शाळेच्या सभागृहात भरणाऱ्या रेडिओ-नियंत्रित मोटारींच्या शर्यतींना जात असे. गालिच्यावर आखलेली वाट, पाच मिनिटांची शर्यत. आणि ती संपली की त्याच चालकांनी पुढच्या शर्यतीसाठी वाटेलगत उभे राहून इतरांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, असा तिथला रिवाज. स्पर्धकाची सेवा करणे हा स्पर्धेचाच भाग, ही गोष्ट मला फार आवडली.

भावाची नोकरी त्या वर्षी गेली होती. त्यामुळे कार्बन फायबरच्या, पट्ट्यावर चालणाऱ्या महाग गाड्यांकडे पाठ फिरवून पुतण्याने तामियाचा टीटी-02 हा संच घेतला. जपानमधल्या शिझुओकाच्या या कंपनीने 1976 मध्ये पोर्श 934 ही आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार आणली; टीटी-02 आला 2013 मध्ये. 1/10 प्रमाण, प्लॅस्टिकचा खोलगट सांगाडा, मधल्या दांड्यावरून चारही चाकांना मिळणारी गती. क्लबच्या नवशिक्या गटात मोटर आणि टायर सर्वांना सारखेच. राहिलेल्या मोकळिकीत जो तो आपापले पैसे ओतत असे.

ते कुठे ओतत, हे शर्यतीआधी टेबलावर वरची कवचे उतरली की दिसे. तामियाचे ॲल्युमिनियमचे जादा भाग झळझळीत निळ्या रंगाचे असतात. शेजारच्या मुलांच्या गाड्या त्या निळाईने मढलेल्या, आणि याची आपली काळीठिक्कर. वर्तमानपत्रे टाकून साठवलेले पैसे माझ्यासमोर ठेवून तो म्हणाला, "काका, तू सांग, काय घेऊ?"

मला यंत्रातले काही कळत नाही. पण संहिता वाचता येते. आम्ही गाडी संहितेसारखी वाचली. फिरणारे दांडे प्लॅस्टिकच्या बुशांत घासत होते. तिथे बॉल बेअरिंग बसवले की घर्षण घटते आणि बॅटरीची ताकद चाकांपर्यंत पोहोचते. मूळ डँपरमध्ये स्प्रिंग होती, तेल नव्हते; गाडी उसळली की उसळतच राही. तेलाच्या डँपरमधली दट्ट्याची चकती ती उसळी शोषून घेते. मोटरच्या टोकाला 22 दात्यांचे पिनियन होते. मोठे लावले तर कमाल वेग वाढतो, पण वळणातून बाहेर पडतानाची झेप मंदावते आणि मोटर तापते. एवढ्याशा सभागृहात तो वेग गाठायला सरळ वाट होती कुठे?

मग निळे भाग. आदळल्यावर प्लॅस्टिकचा बाहू वाकतो आणि धक्का पोटात घालतो. ॲल्युमिनियम तो न वाकता पुढच्या भागाकडे ढकलते, शिवाय वजनही वाढवते. आधीच्या आठवड्यात अशाच एका निळ्या गाडीचा सांगाडा चिरताना त्याने पाहिला होता.

"मग माझी साधीच दिसणार?" त्याने विचारले. या प्रश्नात गाडीपेक्षा बरेच काही होते. बापाची नोकरी होती, इतर मुलांच्या नजरा होत्या. "दिसेल साधीच," एवढेच मी म्हणालो. त्यापुढे सिद्धान्त सांगणे मला क्रूर वाटले.

तो बराच वेळ गाडी हातात फिरवत राहिला. पुढची चाके त्याने बोटांनी हलवली. सुकाणूच्या प्लॅस्टिकच्या सांध्यांत ढिलेपणा होता; हुकूम आणि वळण यांत क्षणभराची तफावत राही. "इथे निळा चालेल," तो म्हणाला. बेअरिंग, तेलाचे डँपर आणि सुकाणूचा ॲल्युमिनियमचा संच, एवढ्यात पैसे संपले. पुढच्या खेपेस पाच मिनिटांत त्याचे सतराऐवजी एकोणीस फेरे झाले. करंडक मिळाला नाही. पण त्या रात्री तो इतरांच्या गाड्या सरळ करायला सर्वांत आधी धावला.

औचित्य म्हणजे अलंकारांचा तिटकारा नव्हे, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. तोच धातू, तोच रंग. बाहूवर तो घातक आणि सुकाणूत आवश्यक. मात्र ते स्थान शोधायला आधी कृती हातात घेऊन तिचे कुठे काय सैल आहे ते चाचपावे लागते. आमच्या वर्गात कविता विद्यार्थ्यांच्या हातात पडण्याआधीच तिच्या अलंकारांची यादी फळ्यावर लिहिलेली असते. त्या सौजन्यपूर्ण शांततेचे कारण बहुधा तेच असावे.