जीप, बुश आणि आत्याचं माहेर

मराठीच्या प्राध्यापकाचा आणि मोटारीच्या पाट्याचा संबंध काय, असं कुणी विचारलं असतं तर गेल्या वर्षापर्यंत मी 'काही नाही' असं बेधडक सांगितलं असतं. पाटा म्हणजे वरवंट्याचा जोडीदार, एवढंच माझं ज्ञान! पण दसऱ्यानंतर रत्नागिरीला गेलो आणि त्या ज्ञानात चांगलीच भर पडली.

निमित्त झालं आत्याचं. आत्याचं वय ८२. आदल्या वर्षी न्हाणीघरात पडून तिच्या पाठीचा मणका दबला होता. दुखणं ओसरलं, पण 'धक्के खायचे नाहीत' अशी डॉक्टरांची ताकीद. आणि आत्याचा हट्ट एकच : "एकदा कशेळीला नेऊन आणा रे. कनकादित्याचं दर्शन घेते, आपल्या घराचं जोतं बघते. मग माझं काही मागणं नाही."

आत्याचं माहेर म्हणजे माझंच मूळ घर. ते केव्हाच पडलं. उरलंय जांभ्या दगडाचं जोतं, आणि तिथवर जायला सड्यावरची कातळवाट. तिथं साध्या मोटारीचं काम नाही; जाते ती माझ्या आतेभावाची, दादाची, जुनी जीप. पण तीही आता खड्डा आला की 'खटाक्' करून बोलू लागली होती. दादाचा फोन आला : "पाट्यांचे बुश गेलेत. मुंबईहून चांगले बघून आण."

मी वर्गातल्या एका मोटारवेड्या विद्यार्थ्याला विचारलं. तो म्हणाला, "पॉलियुरेथेनचे घ्या, सर. लवकर झिजत नाहीत." मी लालभडक, देखणे बुश विकत घेतले आणि मोठ्या ऐटीत कोकण रेल्वेत बसलो.

गॅरेजातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ते हातात घेऊन दाबून पाहिले आणि विचारलं, "प्रोफेसर, गाडीत बसणार कोण?"

या प्रश्नाचा बुशाशी काय संबंध, ते मला कळेना. मग त्यांनी मला जीपखाली वाकायला लावलं. पोलादी पट्ट्या एकावर एक बांधून पाटा होतो. सर्वांत लांब पट्टीची दोन्ही टोकं वळवून तिथं भोक ठेवलेलं असतं, त्यात बुश बसतो आणि बुशातून बोल्ट जातो. वजन पडलं की कमान सपाट होते, म्हणजे पाटा लांबतो. म्हणून त्याचं एक टोक झुलत्या शॅकलला जोडतात. हे सारं हलणं बुशाच्या अंगावर! मिस्त्रींनी पहार लावून पाटा हलवला, तर बोल्ट भोकात चक्क नाचत होता.

"लढाईतल्या जीपला धातूचे बुश होते," मिस्त्री म्हणाले. "ग्रीस देत राहा, वर्षानुवर्षं चालतील, विसरलात की चिखल त्यांना खातो. तुमचे हे लाल टिकाऊ, तेलाला दाद देत नाहीत, वजनदार मालाला उत्तम. पण कडक. रस्त्याचा हादरा थेट वर पोचवतात. रबर स्वतः पिळतं, धक्का गिळतं आणि खडकावर एक चाक वर, एक खाली झालं तरी ऐकून घेतं. मात्र आपल्या खाऱ्या हवेत तीन-चार पावसाळ्यांचं सोबती."

दादा आंबेवाला. त्याला टिकाऊ माल हवा होता. मी गप्प, दोष माझ्या खरेदीचा. शेवटी दादाच म्हणाला, "आई बसणार आहे. रबर घाला."

जुने बोल्ट गंजून असे अडकले होते की काढता काढता दुपार टळली. नव्या बोल्टांना मिस्त्रींनी ग्रीस चोपडलं, रबराला मात्र बोट लावू दिलं नाही. ग्रीसनं रबर फुगतं म्हणे. आणि शेवटचा पीळ दिला तो जीप चाकांवर उभी करून. अधांतरी आवळलं, तर गाडी खाली येताच रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

दुसऱ्या दिवशी निघालो. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगडाजवळची मुचकुंदीची खाडी, गावखडी. उजव्या हाताला मधूनमधून समुद्र. कनकादित्याच्या गाभाऱ्यासमोर आत्या बराच वेळ हात जोडून उभी होती. मग सड्यावर चढलो. गवत पिवळं पडलं होतं. कशेळीच्या याच सड्यावर कुणा अनाम पूर्वजांनी कोरलेला प्रचंड हत्ती आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, ती पाहायला आता लांबून लोक येतात. आम्हांला मात्र हत्तीपेक्षा आत्याच्या पाठीची काळजी! दादा पहिल्या गिअरमध्ये, गर्भार गाय हाकावी तसा जीप हाकत होता. मी दर खड्ड्याला आत्याच्या तोंडाकडे बघत होतो. 'खटाक्' मात्र एकदाही आलं नाही.

जोत्यावर आत्या टेकली. चूल कुठं होती, माजघर कुठं, ते काठीनं दाखवत राहिली. मी ते घर कधी उभं पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

माझे लाल बुश मिस्त्रींनी चिऱ्यांच्या खाणीवर जाणाऱ्या एका जीपला बसवले. तिथं ते शोभतात.

परतताना आत्या म्हणाली, "पाठ काही दुखली नाही हो. पुढच्या वर्षी पुन्हा नेशील ना?"

"अगं, पण तुझं तर काही मागणं उरणार नव्हतं!" दादा म्हणाला.

मी मनात हिशेब केला : रबर तीन-चार पावसाळे टिकतं. म्हणजे तेवढ्या खेपा तर हक्काच्या!